कान्हेरीची वस्ती कशी चालत असे?

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडे चालले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. तेथून कान्हेरीची लेणी साधारण सहा-सात किलोमीटर आत, डोंगरावर आहेत. आतून गाडी मिळते. पायांत बळ असेल त्यांनी चालत जावे, रस्ता झाडीचा आहे. सोमवारी उद्यान बंद असते हे आधी लक्षात ठेवावे. आमच्या ओळखीची दोन कुटुंबे लेकराबाळांसह सोमवारी फाटकावरून परत आली आहेत. जेवणाचा डबा पिशवीत झाकून न्यावा, कारण वरची माकडे हातातली पिशवी ओढून नेतात आणि मग झाडावर बसून आपल्यासमोर चपात्या खातात.

मुंबईतल्या आपल्या बहुतेक कुटुंबांनी कान्हेरी पाहिलेली असते. बुद्धपौर्णिमेला, सुट्टीला आपण जातो. तीन नंबरच्या लेण्यात शिरताना व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना तथागतांच्या बावीस-तेवीस फूट उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत, त्यांच्यापुढे हात जोडतो. आत स्तूपासमोर त्रिशरण-पंचशील घेतो, फोटो काढतो, झाडाखाली जेवतो आणि उन्हे उतरली की खाली येतो. यात गैर काहीच नाही. पण कान्हेरीला लेणी शंभराच्या वर आहेत आणि त्यांतली बरीचशी अगदी साधी आहेत. त्यांत मूर्ती नाही, नक्षी नाही. एक अंगण, एक पडवी, एक खोली. आपण त्यांच्यावरून पुढे निघून जातो, कारण तेथे पाहण्यासारखे काही नाही असे वाटते. हा लेख त्या साध्या लेण्यांविषयी आहे. ती माणसांची घरे होती.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत या डोंगरावर भिक्खूंची वस्ती होती. शिलालेखांत डोंगराचे नाव कण्हसेल, पुढे कृष्णगिरी असे येते. म्हणजे काळा डोंगर. येथे राहायला येणारी माणसे एका गावची नव्हती, एका जातीची नव्हती, कोणाचे कोणाशी रक्ताचे नाते नव्हते. घरदार सोडून आलेली ही माणसे. तरी ती हजार वर्षांच्या आसपास एकमेकांच्या शेजारी राहिली, म्हातारी झाली, आजारी पडली, मेली. त्यांना एकमेकांचे कोण बघत होते? मनाला वाटेल तसे, की काही ठरवून दिलेले होते?

हा प्रश्न मला का पडला ते सांगतो. आपली चाळ आता जात आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. संडास सार्वजनिक, गॅलरी सार्वजनिक. त्या जागी टॉवर उभे राहत आहेत. २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या पहिल्या कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शहरात इतर ठिकाणी झोपडपट्टीच्या जागी इमारती होऊन आपली माणसे आधीच वर राहायला गेली आहेत. घरात संडास आला, पाणी आले, आईबहिणींची पहाटेची रांग संपली. हे चांगलेच झाले. ज्याने ती रांग लावली नाही त्यानेच चाळीचे गोडवे गावेत. पण अशाच एका नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका न्हाणीघरात घसरून पडले आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पिशवी तशीच लटकलेली पाहिली तेव्हा लोकांना कळले. काका वाचले. पण चाळीत असे झाले असते का, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना विचारला आणि मग सगळे लिफ्टने आपापल्या घरी गेले.

यंदा थंडीत आमच्या मंडळाची सहल कान्हेरीला गेली तेव्हा मी ठरवून लहान लेण्यांच्या बाजूने लोकांना नेले. बरोबर विनयपिटकाची टिपणे नेली होती. येथे एक खुलासा केला पाहिजे. कान्हेरीच्या शिलालेखात भद्रयानीय या निकायाचे नाव येते आणि आपण वाचतो तो पाली विनय थेरवादी परंपरेने जपलेला. निकाय वेगळे असले तरी वर्षावास, उपोसथ, प्रवारणा ही संघाची मुख्य चौकट सगळीकडे एकच होती. तेवढ्या आधारावर मी बोलत आहे.

एका लहान लेण्यासमोर उभे राहा. चार-पाच पायऱ्या, मग खडकात सपाट केलेले अंगण. अंगणाच्या कडेला दगडाचाच कट्टा. दुसऱ्या बाजूला पाण्याचे टाके. मग पडवी, दार, आत खोली आणि भिंतीला लागून झोपण्यापुरता ओटा. दाराच्या चौकटीसाठी कोरलेली खोबणी अजून दिसते. आमच्या एका मावशींनी खोली पावलांनी मोजली आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या खोलीपेक्षा लहान. पण ओटा बाहेर आहे, ते बरे केले." मावशींनी नेमके धरले. आतली खोली एकट्याची आणि कट्टा उघड्यावर. कट्ट्यावर बसले की खालच्या-वरच्या लेण्यांच्या पायऱ्या दिसतात, कोण आले, कोण गेले ते दिसते. असे मुद्दाम योजून केले होते असे मी म्हणणार नाही; खडक जसा होता तशी लेणी कोरली. पण आपल्या नव्या इमारतींत घरे मोठी झाली आणि कट्टा मात्र कोठे ठेवलाच नाही.

पाण्याकडे बघा. डोंगरमाथ्यावर खडकात चर खोदले आहेत. पावसाचे पाणी त्यातून वाहत येऊन टाक्यात पडते. शिलालेखांत या टाक्याला पोढी म्हटले आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडा खडक, अशा ठिकाणी शेकडो वर्षे माणसे राहिली ती या पोढ्यांच्या जोरावर. टाके एकाच्या दारात असले तरी त्याचे पाणी सगळ्यांचे. आणि पाणी सगळ्यांचे म्हटले की भांडण आलेच, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

विनयात याचीही नोंद आहे. कोसंबीला भिक्खूंचे जे प्रसिद्ध भांडण झाले, ज्यात संघाचे दोन तट पडले आणि खुद्द तथागत समजावून थकले व एकटे रानात निघून गेले, त्याचे मूळ अट्ठकथेत दिले आहे. एका भिक्खूने संडासातल्या भांड्यात वापरून उरलेले पाणी तसेच ठेवले. झाले एवढेच. आमच्या सहलीत हे सांगितल्यावर सगळ्या बायका खळखळून हसल्या, कारण प्रत्येकीच्या चाळीत असे एक भांडे होऊन गेले होते. ते भांडण शेवटी कोणी मिटवले? कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी. त्यांनी त्या भिक्खूंना नमस्कार करणे बंद केले, भिक्षा घालणे बंद केले. पोटाला चिमटा बसला तेव्हा दोन्ही तट सरळ झाले.

तथागत कोसंबीहून निघाले ते पुढे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे भिक्खू राहत होते तेथे गेले. तेथे त्यांनी विचारले की तुम्ही एकत्र कसे राहता. त्या तिघांनी सांगितलेली व्यवस्था फार साधी आहे. भिक्षेहून जो आधी परत येईल त्याने आसने मांडायची, पाय धुण्याचे आणि पिण्याचे पाणी भरून ठेवायचे. जो शेवटी येईल त्याने आवरायचे आणि जागा झाडायची. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसेल त्याने तो भरायचा. पाळी कोणाची हे विचारायचे नाही. घडा एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचे. आणि दर पाचव्या रात्री तिघांनी एकत्र बसून रात्रभर धम्मचर्चा करायची.

तिघे होते म्हणून हे चालले. शंभर माणसांत "ज्याला दिसेल त्याने करावे" असे म्हटले की कोणालाच काही दिसत नाही. मी मंडळाचा हिशेब वीस-बावीस वर्षे सांभाळतो, तेव्हा हे अनुभवाने सांगतो. संघ वाढला तेव्हा हे तथागतांच्याही ध्यानात आले असले पाहिजे, कारण मोठ्या विहारांसाठी कामे नेमून दिलेली दिसतात. जेवणाची आमंत्रणे वाटणारा वेगळा, राहण्याच्या जागा वाटणारा वेगळा, कोठार सांभाळणारा वेगळा, चीवरे स्वीकारणारा वेगळा. हे लोक संघासमोर ठराव मांडून नेमले जात. त्यांची लायकीही लिहून ठेवली आहे : जो लोभाने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भीतीने वाकडे वागणार नाही आणि काय वाटले, काय वाटायचे राहिले हे ज्याला ठाऊक असेल, असाच माणूस. यातला भीतीचा मुद्दा मला मोठा वाटतो. किती तरी सोसायट्यांत सेक्रेटरी पैसे खात नाही, पण दांडग्या माणसाला घाबरून त्याचे काम आधी करतो.

दब्ब मल्लपुत्त नावाचे भिक्खू जागावाटप करीत. त्यांची पद्धत अशी की सुत्ते पाठ करणाऱ्यांना एकमेकांशेजारी जागा द्यायची, विनय जाणणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र; म्हणजे एकाच्या पाठांतराने दुसऱ्याच्या ध्यानाचा भंग नको. रात्री उशिरा कोणी आला तर ते स्वतः पुढे होऊन वाट दाखवीत. त्यांच्या बोटातून उजेड पडे असे ग्रंथात म्हटले आहे, आणि तो बघायला काही भिक्खू मुद्दाम उशिरा येऊन लांबची जागा मागत असेही म्हटले आहे. उजेडाचे आपण सोडून देऊ. पण एवढे करूनही त्यांच्यावर बालंट आलेच. वाट्याला निकृष्ट जेवण आले म्हणून दोघा भिक्खूंच्या टोळक्याने त्यांच्यावर खोटा आरोप रचला. संघाने चौकशी केली आणि ते निर्दोष ठरले. वाटपाचे काम करील त्याने शिव्या खायची तयारी ठेवावी, हे अडीच हजार वर्षे चालत आले आहे.

नव्याने येणाऱ्याचे काय? आपल्याकडे नवा भाडेकरू आला की पहिले चार दिवस सगळे त्याच्याकडे दाराच्या फटीतून बघतात. विनयात पाहुण्या भिक्खूची आणि तेथे राहणाऱ्याची अशी दोघांचीही कर्तव्ये दिली आहेत. राहणाऱ्याने पुढे होऊन त्याचे पात्र-चीवर हातात घ्यायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, जागा दाखवायची, संडास कोठे, पिण्याचे पाणी कोठे, भिक्षेला कोणत्या बाजूला जायचे आणि येथे संघाने काय ठरवले आहे हे सांगायचे. संडास कोठे हे धर्मग्रंथात लिहिलेले पाहून आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाला हसू आले. मी त्याला म्हटले, बाळ, परक्या ठिकाणी गेल्यावर माणसाला पहिली लाज त्याच प्रश्नाची वाटते. जो न विचारता सांगतो तो आपला.

लहान लेण्यांकडून आम्ही अकरा नंबरच्या लेण्यात आलो. याला लोक दरबार म्हणतात, पण येथे राजा कोणी नव्हता. लांबलचक दालन आहे आणि मधोमध दगडाचे दोन लांब, बुटके ओटे समांतर गेले आहेत. एका बाजूने एक रांग, दुसऱ्या बाजूने दुसरी. जेवणासाठी म्हणा, पाठासाठी म्हणा, सभेसाठी म्हणा. माणसांनी समोरासमोर बसावे अशीच ही जागा आहे. बसण्याचा क्रम उपसंपदा घेऊन किती वर्षावास झाले त्यावर. जात नाही, घराणे नाही. शाक्य राजपुत्रांनी आपल्या आधी उपाली न्हाव्याला दीक्षा द्यायला लावली, म्हणजे त्याच्यापुढे आपल्याला वाकावे लागेल व आपला शाक्यांचा गर्व उतरेल, ही कथा आपल्या मुलांनाही पाठ आहे. त्या गोष्टीचा रोजचा अर्थ अशा ओट्यावर बसल्यावर कळतो. रोज जेवताना, रोज बसताना उपाली वरच्या जागी.

येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. हा न्याय भिक्खुणींना पुरता मिळाला नाही. शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे असा नियम त्यांच्यावर आहे. आमच्या सहलीतल्या ताईंनी तो मुद्दा मी सांगण्याआधीच काढला, आणि त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हते.

दर पंधरवड्याला अमावस्या-पौर्णिमेला उपोसथासाठी संघ जमे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम बौद्ध संघांना माहीत होते. आपण ते भाषण लोकशाहीसाठी वाचतो. पण गणपूर्तीच्या या नियमांत आजाऱ्याची एक तरतूद आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. सभेला आजारी भिक्खू येऊ शकत नसेल तर त्याने दुसऱ्याजवळ आपली शुद्धी आणि संमती कळवायची. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट उचलून सभेत आणायचे. उचलल्याने आजार वाढेल किंवा तो दगावेल असे त्याची सेवा करणाऱ्यांना वाटले तर उचलायचे नाही. सगळ्या संघाने उठून त्याच्याकडे जायचे आणि उपोसथ तेथे करायचा. त्याला सोडून अपुऱ्या संघाने मात्र उपोसथ करायचा नाही.

विचार करा, एका आजारी माणसासाठी सगळी सभा उठून त्याच्या खोलीत जाते. तो काही बोलणार नाही, मतही देणार नाही कदाचित. पण तो गळला तर सभा सभा राहत नाही. दर पंधरा दिवसांनी कोण आले नाही आणि का आले नाही हे आपोआप कळणार. नवव्या मजल्यावरच्या काकांची आठवण मला याच ओट्यावर झाली.

आता ज्या प्रसंगावरून शुश्रूषेचा नियम झाला तो सांगतो. तथागत आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या जागा पाहत फिरत होते. एका जागी एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच मलमूत्रात पडलेला. तुझे कोणी करीत नाही का, असे विचारल्यावर तो नाही म्हणाला. का करीत नाहीत? तर मी कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून. मग तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्याला उचलून खाटेवर निजवले. नंतर संघ बोलावला. तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार, असे त्यांना सांगितले. माझी सेवा करावीशी ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची करावी, हे त्यांचे बोल त्याच वेळचे आहेत.

हे आपण सगळे प्रवचनात ऐकतो आणि तेथे थांबतो. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण तथागत तेथे थांबले नाहीत. त्यांनी नावे लावून दिली. आजाऱ्याला उपाध्याय असेल तर उपाध्यायाने करावे, तो बरा होईपर्यंत. आचार्य असेल तर आचार्याने. शिष्य असेल तर शिष्याने. बरोबरचा शिष्य असेल तर त्याने. यांतले कोणीच नसेल तर संघाने करावे, आणि न केल्यास संघाला दोष लागेल. म्हणजे "कोणी तरी बघेल" याला जागाच ठेवली नाही. त्या भिक्खूचे कोणी करीत नव्हते ते सगळे दुष्ट होते म्हणून नव्हे. ते प्रत्येक जण, माझे काय काम, असे म्हणत होते. शिवाय तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. आणि त्याच्यावरून केलेल्या नियमात, आजारी माणूस आधी कोणाच्या उपयोगी पडला होता का, ही अट कोठेही नाही.

शुश्रूषा करणारा कसा असावा हेही सांगितले आहे. त्याला औषध करता आले पाहिजे, पथ्य-कुपथ्य कळले पाहिजे, लोभाने नव्हे तर मैत्रीने करणारा असावा, मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस नसावी आणि चार चांगल्या गोष्टी बोलून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवता आले पाहिजे. त्याचबरोबर आजाऱ्यालाही नियम आहेत. पथ्य पाळावे, औषध घ्यावे, दुखणे वाढले की कमी झाले ते खरे सांगावे, वेदना सहन करण्याची तयारी ठेवावी. हे वाचून आमच्या एका आजींनी आपल्या यजमानांकडे पाहिले ते पाहण्यासारखे होते. आणि भिक्खू वारला तर त्याचे पात्र आणि चीवर संघाने शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे. सेवेचा मोबदला म्हणून नाही, पण केलेले कोणी तरी पाहिले याची खूण म्हणून.

यासाठी पैसा लागतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस, माझे लक्ष शिलालेखांत पैशाकडे जाते. कान्हेरीच्या शिलालेखांवर शोभना गोखले यांचे मोठे काम आहे. त्यांचा ग्रंथ १९९१ साली निघाला. या लेखांत राजांपेक्षा साधी माणसे जास्त भेटतात. कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांचे व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहार आहे, गृहिणी आहेत, भिक्खुणी आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पोढी दिली, कोणी नुसती वाट करून दिली. ज्याची जेवढी ऐपत तेवढे, आणि नाव मात्र प्रत्येकाचे कोरलेले. आपल्या विहाराच्या पाटीवर पाच हजारांच्या खालच्या देणगीदाराचे नाव लावत नाहीत, तेव्हा मला तो वाट देणारा लोहार आठवतो.

अनेक लेखांत अक्षयनीवी हा शब्द येतो. मुद्दल मोडायचे नाही, शेताच्या उत्पन्नातून किंवा व्याजातून खर्च करायचा. पावसाळ्यात येथे वर्षावासाला राहणाऱ्या भिक्खूला चीवरासाठी अमुक द्यावे, महिन्याला अमुक द्यावे असे ठरलेले. याच अकरा नंबरच्या लेण्यात शके ७७५ चा, म्हणजे इसवी सन ८५३-५४ च्या सुमाराचा, शिलाहार राजा कपर्दीच्या काळातला लेख आहे. गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्खूंना ध्यानासाठी जागा करून दिली आणि शंभर द्रम्म कायम ठेव म्हणून दिले. आणखी एका लेखात दुरुस्तीसाठी वेगळे, वस्त्रांसाठी वेगळे आणि पुस्तकांसाठी वेगळे पैसे बाजूला काढून दिले आहेत. दुरुस्ती फंड आपल्या सोसायटीत असतो, तो कायद्यानेच ठेवावा लागतो. आजाऱ्याच्या नावाचा फंड मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. मर्तिकाची वर्गणी मात्र आपण दारोदार फिरून काढतो. माणूस जिवंत असताना तीच काढली तर कित्येकदा मर्तिकाची वेळ लांबेल.

वरच्या बाजूला, चढून गेल्यावर, कान्हेरीची स्मशानभूमी आहे. फार थोडे लोक तेथपर्यंत येतात. खडकाच्या लांब कपारीत विटांच्या लहान-लहान स्तूपांचे अवशेष आहेत. दिवंगत स्थविरांच्या स्मृतीसाठी ते बांधले होते. त्यांची नावे कोरलेले दगडही तेथे सापडले आहेत. राजवाडे बांधणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. येथे ज्यांनी काहीच बांधले नाही, ज्यांना मूलबाळ नव्हते, अशा म्हाताऱ्या भिक्खूंची नावे शेजाऱ्यांनी दगडात जपली. आम्ही तेथे उभे राहून वंदना घेतली. वारा जोराचा होता, आवाज फार लांब गेला नाही.

जेवणे झाल्यावर झाडाखाली बोलणे निघाले. एका तरुणाचे म्हणणे असे की भिक्खूंना नोकरी नव्हती, शिफ्ट नव्हती, पोरांच्या शाळा नव्हत्या. आम्ही रात्री दहाला घरी येतो, पंधरवड्याची सभा कधी घेणार? त्याचे खोटे नाही. एका काकूंचा मुद्दा वेगळा होता. चाळीत सगळ्यांचे सगळे कळे, ते सगळ्यांना नको होते. सुनेला तर मुळीच नको होते. दार लावता येणे हेसुद्धा सुख आहे. मला तेही पटते. लेण्यालाही दार होतेच. दार लावलेले असो की उघडे, आत कोण आहे आणि त्याचे कोणी बघायचे हे मात्र ठरलेले असावे, एवढे माझे म्हणणे होते.

बराच वेळ वाद झाल्यावर आमच्या इमारतीपुरते एक ठरले. मजल्यावर जी घरे एकट्या म्हाताऱ्या माणसाची किंवा अंथरुणाला खिळलेल्यांची आहेत त्यांची यादी करायची आणि प्रत्येक घरापुढे एक नाव लावायचे. सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा बेल वाजवायची. बाकी काही नाही. ज्याच्या घराची बेल वाजवायची त्यालाही विचारायचे, की तुम्हाला कोण चालेल. पौर्णिमेच्या वंदनेला यादी वाचायची. एका मुलीने डब्याच्या कागदी पिशवीच्या मागच्या बाजूलाच पेन्सिलीने मजले आखले. दुसरा मजला भरला, चौथा भरला, सहाव्याला दोन नावे आली. नवव्याला काकांपुढे त्यांच्या समोरच्याच घरातल्या त्या तरुणाने आपले नाव घातले, शिफ्टचे दिवस सोडून. त्या दिवसांसाठी कोण, हे ठरेपर्यंत खाली जाणारी गाडी आली आणि पिशवी मावशींनी घडी करून पदराला बांधली.